बाह्या वाढवणार नाही

दि. ९ मार्च, सोमवार

चि. ठकीस,

आईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. माझे गुडघे कुरकुरतात, तुझा दादा माझ्यावर कुरकुरतो. गुडघ्यांना तेल लावते, त्याला लावता येत नाही. अक्षर तुझ्या वहिनीचं आहे. मी बोललेलं काही गाळायचं नाही, अशी तिला तंबी दिली आहे. (बघ, हेही लिहिलं.)

तुझे दोन कुर्ते पोचले. "बाह्या मनगटापर्यंत वाढव, बाकी मी अ‍ॅडजस्ट करते," असं फोनवर म्हणालीस. दुकानात हा शब्द मी दिवसातून वीसदा ऐकते. गिऱ्हाईक स्वतः दोन बोटं सुटतं आणि म्हणतं, मावशी, जरा अ‍ॅडजस्ट करा. बसमध्ये तिघींच्या बाकावर चौथी येते, तीही तेच म्हणते. तुझा दादा माझ्या मशीनला खेटून कपाट आणून ठेवतो आणि वर मलाच अ‍ॅडजस्ट व्हायला सांगतो.

परवा तुझ्या भाचीला म्हटलं, त्या जाड पुस्तकात बघ गं, याचा अर्थ काय. तिने वाचलं, जुळवून घेणे, नीट बसवणे, थोडे सरकवणे.

"पण सरकायचं कोणी?"

"ते नाही दिलेलं, आजी."

खरंच नाही दिलेलं. ते मी ठरवलं होतं. सहा वर्षांपूर्वी तू सासरहून बॅग घेऊन आलीस, तेव्हा हाच शब्द तुझ्या हातात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी तुला बसमध्ये बसवून दिलं.

तेव्हाही भर उन्हाळ्यात तुझ्या बाह्या लांब होत्या. जन्मभर शिवणकाम केलेली बाई मी. त्या कशासाठी लांब आहेत, ते मला कळलं नसेल? कळलं होतं. विचारलं नाही.

(वहिनी थांबली आहे. लिही गं, म्हटलं.)

बाह्या वाढवणार नाही. कापड आहे, दोराही जुळतो. तरी नाही.

कपाट हलवलं आहे. दादा म्हणाला, "आता हे ठेवायचं कुठे?" म्हटलं, "तू कर अ‍ॅडजस्ट." वहिनीला हसू आवरेना. त्या जागेत तुझी खाट बसते, टेपने मोजून पाहिलंय.

पार्सल तुझ्या कामाच्या पत्त्यावर पाठवते, घरच्या नाही. निळ्या कुर्त्याच्या खालच्या दुमडीत आपल्या दाराची किल्ली शिवली आहे. कच्चे टाके आहेत, एका हिसक्यात उसवतील. सामान राहिलं तर राहू दे. यायचं का, असं कोणाला विचारू नकोस. मलाही नाही.

तुझी आई
(अक्षर वहिनीचं, टाके माझे)