फाटलेला कोपरा

आक्काला रोहिदासचा वाकून नमस्कार.

मयताच्या पत्रासारखा कोपरा फाटलेला बघून रडू नको. मी धडधाकट हाय. ज्यांच्याकडं मी सैपाकाला हाय त्या राजदूत साहेबांना परवा आपली मासवडी खाऊ घातली, लई आवडली.

कोपरा मीच फाडला, आमच्या बंगल्याच्या बागेतल्या माळ्यासाठी. सरकारविरुद्ध बोलला म्हणून या परमुलखातल्या पोलिसांनी त्याला कोंडला व्हता. त्याचं नाव साहेबांना मीच सांगितलं. साहेबांच्या देशानं दबाव आणला, त्याला सोडा म्हणून. सोमवारी सोडला, पण चादरीत गुंडाळून.

साहेब आता मला कोंडलेल्यांची आणखी नावं विचारत्यात. फाटकावरच्या पोलिसानं काल माझं नाव लिहून घेतलं.

भाच्याचा खोकला थांबला का?

पुढल्या पत्राचा कोपरा फाटलेला असला, तर तो मी फाडलेला नसंल.

तुझा धाकटा,
रोहिदास