मागच्या खोलीतल्या खाऱ्या पाण्याची व्यवस्था

मी, महेश्वरी चन्नबसप्पा हत्तुरे, वय २४ वर्षे, शिक्षण बी.एस्सी. (प्राणिशास्त्र), राहणार तेर, तालुका व जिल्हा धाराशिव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. लिहिण्याची सक्ती कोणी केलेली नाही. न लिहिण्याची मात्र तीन दिवस चालू आहे. लहानपणी आलेल्या सांधेतापाने माझ्या हृदयाची एक झडप निकामी केली आहे. ती बदलण्यासाठी उद्या सोलापूरच्या रुग्णालयात दाखल होऊन मंगळवारी शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांनी धोका सांगितला, तो मला समजला. आमच्या घरात ह्या विषयावर बोलणे अशुभ मानतात, म्हणून लिहिते. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. माझे पदवी प्रमाणपत्र चौकटीत घालून वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, किराणा दुकानात गादीच्या वर लावलेले आहे. घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, त्यामुळे गिऱ्हाइकाची साखर बांधताना अप्पा वर बोट दाखवतात. ते प्रमाणपत्र त्यांच्याकडेच राहावे. विषय कोणता, तेवढे त्यांनी एकदा वाचून घ्यावे. तीन वर्षांत विचारलेले नाही.

कलम २. मागच्या खोलीत माझ्या चार काचेच्या टाक्या आहेत. त्यांत बंगाई जातीच्या समुद्री माशांच्या दोन जोड्या आणि अठरा पिल्ले आहेत. अंगठ्याएवढा रुपेरी मासा, अंगावर काळे पट्टे, पांढरे ठिपके. हे मासे मुळात इंडोनेशियातल्या थोड्याशा बेटांभोवती राहणारे, आणि शोभेसाठी पकडून पकडून तिथे कमी झालेले. टाकीत वाढलेला प्रत्येक मासा म्हणजे समुद्रातला एक मासा जागच्या जागी राहिला, असे मी मानते. तेरमध्ये बसून तू समुद्राचे काय भले करणार, असे मला घरात विचारले गेले आहे. उत्तर: अठरा.

ह्या जातीत मादी अंडी घालते आणि नर ती तोंडात घेतो. वीसेक दिवसांनी अंडी फुटतात, तरी पिल्ले आणखी आठवडाभर त्याच्या तोंडातच राहतात. तोवर नर काही खात नाही. खिडकीजवळच्या टाकीतल्या नराने ५ नोव्हेंबरला अंडी घेतली. आज बारावा दिवस आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला पिल्ले बाहेर येतील. मी वाचले तरी तेव्हा अंथरुणात असेन.

म्हणून सूचना: नराला खाऊ घालू नये. काचेवर टकटक करू नये, त्या खोलीत उदबत्ती लावू नये. घाबरला तर तो अंडी थुंकतो, नाहीतर गिळतो. टाकीतले पाणी उडून कमी झाले की शुद्ध केलेले गोडे पाणीच घालावे. पाणी उडते, मीठ मागे राहते, त्यामुळे वर मीठ घालायचे नसते. दुकानातले मीठ तर कधीच नाही.

कलम ३. हे सगळे जाणणारी गावात माझ्याशिवाय एकच व्यक्ती आहे: कडूबाई मल्हार लिंबोरे, वय अंदाजे ५५, भोई गल्ली. त्या आठवडी बाजारात सुकट-बोंबील विकतात. आमचे घर लिंगायत, शाकाहारी. सुकटवाल्या बाईने आमचा उंबरा ओलांडायचा नसतो.

पहिल्या जोडीतल्या नराने खाणे सोडले तेव्हा मला तो आजारी वाटला. तोंडात अंडी धरणाऱ्या माशांवर पुस्तकात एक परिच्छेद होता. मी तो परीक्षेसाठी पाठ केला होता, आणि समोर घडत असताना मला तो आठवला नाही. मी पाण्यात औषध घालणार होते. त्याआधी बाजारात कडूबाईंना विचारले. त्या हात धुऊन मागच्या बोळाने आल्या आणि टाकीपुढे उकिडव्या बसल्या.

"ताई, औषिद कशाला? गालफडं बघा की त्याची. तोंड भरलंय."

"कशानं?"

"लेकरांनी. धरणातली चिलापी बी असंच करती. तिच्यात आई धरती, हितं बाप धरतोय." मग हसून म्हणाल्या, "आमच्या बापानं पाचवी पोरगी म्हणून मला बघितलं बी न्हाय. नाव तेवढं कडू ठिवलं."

त्या दिवसापासून त्या रोज सकाळी, अप्पा गादीवर बसले की, बोळाने येत. उलट्या बाटलीत खाऱ्या पाण्यात आर्टेमियाची अंडी उबवून तो बारीक जिवंत चारा पिल्लांना घालायला त्या माझ्याआधी शिकल्या. समुद्रात ही पिल्ले काट्यांच्या गोळ्यासारख्या प्राण्यात लपतात. आमच्या टाकीत तसे काटे काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचे आहेत, ते कडूबाईंनी बांधले आहेत. वाचता येत नसल्याने त्या नराचे दिवस भिंतीवर कोळशाच्या रेघांनी मोजतात. माझ्या वहीत दोनदा चूक निघाली. भिंतीवर निघालेली नाही.

कलम ४. हे कलम लिहू नये, असे आईने, म्हणजे अव्वाने, सांगितले आहे.

दोन वर्षांपूर्वी एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेसाठी मी तीन दिवस संभाजीनगरला गेले होते. नराच्या तोंडात तेव्हा फुटलेली पिल्ले होती. माझा भाऊ श्रीशैल याने कडूबाईंना बोळात पाहिले. "सुकटवालीचं घरात काय काम?" असे म्हणून त्याने मागच्या दाराला आतून कुलूप घातले. दुसऱ्या दिवशी अव्वा झाडायला खोलीत गेली. नराच्या तोंडातून बारीक डोळे दिसत होते. तिने अप्पांना बोलावले.

"अवो, सोताचीच लेकरं खातंय की हे."

अप्पांनी सगळ्या टाक्यांतले मासे कळशीत घेतले आणि तेरणेत सोडून आले. येऊन अंघोळ केली. मला फोनवर म्हणाले, "जीव मारला न्हाय बग. सोडून दिला. असलं पाप घरात नको."

खाऱ्या पाण्यातला हा मासा नदीत फार काळ जगत नाही. आताच्या दोन्ही जोड्या मी त्यानंतर नव्याने आणल्या. अप्पांच्या मनात दया होती, हे मला माहीत आहे. त्यांच्या अज्ञानाला मी दोष देत नाही. त्यांना थांबवू शकणारी बाई त्या सकाळी कुलपाबाहेर तासभर उभी होती, ह्याचा दोष देते. मला प्रवेश मिळाला होता. मी गेले नाही. मी गेले की घरात काय होते, ते मी पाहिले होते.

कलम ५. गेल्या गुरुवारी श्रीशैलने माझ्यापुढे दोन कागद ठेवले. एक रुग्णालयाचे संमतीपत्र, दुसरे वडिलोपार्जित घरातला माझा हिस्सा त्याच्या नावे करणारे हक्कसोडपत्र.

"दोन्ही एकदमच उरकू," तो म्हणाला. "उगं मागं भानगड नको."

"मागं म्हणजे कधी?" मी विचारले. तो पंख्याकडे बघू लागला. अव्वा म्हणाली, "देऊन टाक की भावाला. माहेर राहतंय." मी माहेरातच बसलेले होते.

मागच्या खोलीत त्याला पाण्याच्या पाइपांचे गोदाम करायचे आहे. पहिल्या कागदावर मी सही केली. दुसरा सही न करता तसाच कपाटात ठेवला आहे, तो श्रीशैलला द्यावा. टाचणीसुद्धा त्याचीच आहे.

कलम ६. सर्व मासे, टाक्या, हवेचे पंप, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र, खारेपणा मोजण्याची नळी आणि माझ्या वह्या कडूबाईंना द्याव्यात. याला कोणतीही अट नाही.

घरातला माझा हिस्सा मी मागच्या खोलीच्या रूपाने मागते. तो मी श्रीशैलला देते, पण एका अटीवर. उद्यापासून कडूबाई रोज दिवसाउजेडी पुढच्या दाराने, दुकानातून, अप्पांच्या गादीसमोरून, मागच्या खोलीत जातील, आणि त्यांना कोणी अडवणार नाही. चोरून येणाऱ्या माणसाला कोणीही कुलूप घालू शकतो. हे वाचून दाखवल्यावर अप्पांनी साक्षीदारांसमोर हो म्हणावे. नाही म्हटल्यास हिस्सा कडूबाईंचा.

कलम ७. माझ्या कानातली सोन्याची फुले अव्वाला. माती आपल्या रीतीने द्यावी. खड्ड्यात मीठ घालतात, ते दुकानातले चालेल.

दुरुस्ती. वरील मजकूर आज दुपारी चार वाजता शिवशरण काकांनी घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवला. ते निवृत्त दस्तलेखक आहेत. कडूबाई बाहेर पायरीवर बसल्या होत्या. त्यांना आत या असे मी म्हटले, दुसरे कोणी म्हटले नाही.

अप्पा म्हणाले, "येऊ दे तिला. पर बोळानं. पुढं दुकान हाय, गिऱ्हाईक बसल्यालं असतंय."

"चन्नबसप्पा, अट पुढच्या दाराची हाय," काका म्हणाले.

"मग न्हाय."

श्रीशैल म्हणाला, "अप्पा, हो म्हणा की. कागदापुरतं." अप्पांनी नकारार्थी मान हलवली. खोटे बोलायला ते तयार झाले नाहीत, एवढे त्यांच्या बाजूने नोंदवते.

तेव्हा पायरीवरून कडूबाई म्हणाल्या, "ताई, मी बोळानं येते. मला काय त्याचं? लेकरं बाहीर यायची हायत, तुमी वाद घालू नका."

त्या येतील. नर शांत राहील, पिल्ले जगतील. ते कडूबाईंचे मोठेपण आहे. त्यात आमच्या घराचा वाटा नाही.

म्हणून कलम ६ मधली अट आणि श्रीशैलचे नाव मी खोडले आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे. मागच्या दाराची किल्ली मी आज, जिवंतपणीच, कडूबाईंच्या हातात दिली. माझ्यामागे ती खोली कडूबाई मल्हार लिंबोरे यांच्या मालकीची होईल. तिचे पुढचे दार कोणत्या बाजूला काढायचे, ते त्यांनी ठरवावे.

वाचले, समजले, कायम केले.

लिहून देणार: महेश्वरी चन्नबसप्पा हत्तुरे (सही)

आम्हां दोघांसमोर तिने सही केली व आम्ही तिच्यासमोर केली:
१. शिवशरण गुरुलिंग कोरे, निवृत्त दस्तलेखक, तेर (सही)
२. सोनाली आण्णासाहेब नाईकवाडी, परिचारिका, तेर (सही)

ठिकाण: तेर, घराबाहेरची पायरी
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार