कुलपाने वाजवलेला खांब

तीर्थरूप बाबांना,

कल्पिताचा वाकून नमस्कार. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. आईची धाप कमी झाली का? ती सुकटीच्या वाळवणात उन्हात बसत नाही ना?

इथे पनवेलला स्टेशनजवळ भाड्याची खोली शोधतेय. आईला उपचारासाठी गाडीने मुंबईला न्यायचं, तर तिला लांब चालवणार कशी? पण स्टेशनलगत आपल्याला परवडतील त्या इमारती सगळ्या जुन्याच.

होडी किनाऱ्यावर ओढली की तुम्ही फळीन् फळी हातोडीने ठोकून आवाज ऐकता, तसेच मी इमारतीचे खांब ठोकते. हातोडी नाही, म्हणून कुलपाने. एजंट हसतो. म्हणतो, "मॅडम, नवीन रंग बघा ना!" रंगाखाली तुम्हाला किती कुजक्या फळ्या सापडल्यात, ते त्याला काय माहीत!

काल एक खोली फार आवडली. तळमजला आहे, वारा येतो, खिडकीतून फलाट दिसतो. बाहेरचा खांब मात्र कुजक्या फळीसारखा भद्द वाजला. पुन्हा ठोकणार, तोच शेजारच्या म्हातारीने दार उघडलं.

"नको ठोकू, बाय. मागे एकाने ठोकला तर वरचा तुकडा पडला. आम्ही दारंपण हळूच लावतो."

एजंटला उद्या उत्तर हवंय. मी दोन दिवस मागून घेईन.

आईला एवढंच सांगा, की खोली स्टेशनला लागून आहे. आणि तुम्ही हातोडी घेऊन या. माझा कान चुकला, असं तुमच्या तोंडून ऐकायचंय.

तुमची वाट बघणारी,
कल्पिता