पान एकशे बाराची दुरुस्ती

मी, एल्डन प्रुइट, वय ७८, राहणार रॉचेस्टर, न्यूयॉर्क, पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने ही माझी शेवटची व्यवस्था लिहून ठेवतो. दडपण आणायला घरात दुसरे माणूसच नाही.

१. घर व बँकेतली शिल्लक भाचा क्लेटन यास. नाताळला त्याचे कार्ड येते, आत नुसती सही असते. तरी आपला तो आपलाच.

२. हत्यारांची पेटी शेजारीण बर्निस हिला. माझ्या दारातला बर्फ ती न सांगता काढते.

३. आमचे जुने साहेब हॅडली यांना काहीही नाही. माझा कॉफीचा मग त्यांनी फोडला आणि आजवर कबूल केले नाही.

४. आता खरे कलम. नोकरीत मी लेसरची पल्स, म्हणजे प्रकाशाचा क्षणिक झोत, किती वेळ टिकते ते मोजत असे. इतके चपळ घड्याळ नाही, म्हणून पल्सचे दोन भाग करून ती स्वतःशीच ताडून पाहायची आणि आलेल्या आकड्याला १.४१ ने भागायचे. मार्च १९९१ मध्ये मी भागायला विसरलो. पल्स होती त्याहून लांब नोंदली गेली. आखूड पल्सने आरशावरचा थर लवकर जळतो. त्यामुळे माझी सहकारी लोरेन शिमान्स्की हिने आरशावर चढवलेला उत्तम थर कच्चा ठरला.

दर शुक्रवारी आम्ही दोघे तळलेले मासे खायला जात असू. मी तिला लग्नाचे विचारणार होतो. नोकरी सोडून सामान आवरताना ती एवढेच म्हणाली, "तुझं मोजणं कधी चुकत नाही, एल्डन. म्हणजे माझंच चुकलं असणार." आणि ओहायोला निघून गेली.

चूक मला चार महिन्यांनी सापडली. मी मूग गिळून बसलो, भेकडासारखा. त्यानंतर शुक्रवारी एकट्यानेच जेवलो.

त्या वर्षाची वही, पान ११२ वर लाल शाईने भागाकार करून, आणि तो आरसा माझ्या पश्चात लोरेनला मिळावा.

५. सही करण्याआधी माझा न्हावी सॅल याने हे वाचले. म्हणाला, "ती जिवंत आहे ना? मग मेल्यावर कशाला सांगतोस, लेका?" 

सबब कलम ४ मधली देणगी रद्द. वही व आरसा आजच टपालात टाकले. सोबतच्या चिठ्ठीत 'उत्तराची अपेक्षा नाही' असे लिहिले होते. ते खोडले आहे, आणि खाडाखोडीशेजारी माझी सही आहे.

एल्डन प्रुइट
साक्षीदार: सॅल दिमार्को, न्हावी, रोझ दिमार्को, त्याची पत्नी
रॉचेस्टर, शुक्रवार, ८ नोव्हेंबर २०१९