मोरीतलं पाणी

यवतमाळ,
९ मे २०२४

प्रिय प्रफुल्लदादा,
सप्रेम जय भीम.

तुझी पाठ कशी आहे? वहिनीला सांग, लोणचं पोचलं. इथे ऊन फार आहे, पण वर्गात कूलर होता. संशयास्पद मृत्यूंच्या तपासाचं आमचं प्रशिक्षण आज संपलं. फोन केला नाही, कारण तू आणि रोशनभाऊजी एकाच पाळीला असता आणि तुझा फोन तेच उचलतात.

सोमवारी डॉक्टर मॅडमनी आम्हाला एका मोरीत नेलं. ओली फरशी, कलंडलेली बादली, पालथा पुतळा. आम्ही सगळ्या फौजदारांनी लिहिलं, पाय घसरून मृत्यू. मॅडम म्हणाल्या, "पडणारा माणूस हात टेकतो. हिच्या तळहातावर ओरखडाही नाही. आणि गळ्याभोवतीचा हा आडवा वळ फरशीनं उठला का?"

मी बाहेर जाऊन तोंड धुतलं.

आपल्या जयाताईच्या मयताला आंघोळ घालताना असाच वळ मी पाहिला होता. तुला तेव्हाच सांगितलं. तू म्हणालास, "मंगळसूत्राचा असन. तिच्या पोरीचं काय होईन ते पाह्य." आणि चादर तिच्या हनुवटीपर्यंत ओढलीस. मोरीत पाय घसरला हे भाऊजींचं म्हणणं धरून पोस्टमार्टम न करताच माती दिली आपण.

मंगळवारी मी तक्रार दिली. मी बहीण, म्हणून तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे आहे. कबर उघडायचा आदेश निघालाय. पाच महिने झाले तरी गळ्यातलं हाड मोडलं असेल तर कळतं, असं मॅडम म्हणतात.

दीपा माझ्याकडे आहे. सुट्टीत मावशीकडे चार दिवस, असं भाऊजींना सांगून आणली. तिला मी काहीच विचारलं नव्हतं. काल वेणी घालताना आपणहून म्हणाली, "मावशी, आई पडली तवा मोरीत पाणी नव्हतं. बाबानं मंग ओतलं." मी वेणी पुरी घातली. पुढचं विचारलं नाही. ते विचारायला मुलांचे जबाब घेणाऱ्या वेगळ्या बाई येणार आहेत.

हे पत्र शेजारचे श्रावणकाका उद्या पहाटेच्या बसनं आणतील. तुझ्या हाती पडेल तेव्हा भाऊजींच्या दारात पोलीस असतील, म्हणजे त्यांना सावध करावं की नाही, हा प्रश्न तुझ्यापुढे उरणार नाही. कबर दाखवायला घरचं माणूस लागतं. तू आला नाहीस तर मी दाखवीन.

पण दादा, तुलेही दिसला होता ना तो वळ?

तुझी, आणि तिचीही बहीण,
मोनाली