म्हातारीचे मागचे ब्रेक

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघंही एकदम बोलतो आणि ऐकायला कोणीच उरत नाही, म्हणून पत्र. बाबांची म्हातारी (गाडीला म्हणतोय, अंगावर घेऊ नकोस) गॅरेजमध्ये ठोकळ्यांवर चढवली आहे. गेल्या महिन्यात तुमच्या टेकडीच्या उतारावर मागचे ड्रम तापून ब्रेक लागेनासे झाले. मी गिअरवर गाडी आवरून कडेला घेतली, ते कौतुक राहिलं बाजूला; भाऊजी तिथेच उतरले आणि खालपर्यंत चालत गेले. तेव्हापासून ते आणि तुझी भावजय एका पक्षात. महिनाअखेर ब्रेक सुधारले नाहीत तर गाडी मागे लागलेल्या त्या फरशीवाल्याला विकायची, असा ठराव दोघांनी माझ्यादेखत, मला न विचारता पास केला. गाडी तुझ्या-माझ्या नावावर आहे. तू सही देऊ नकोस, एवढंच मागणं.

ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवतोय. भंगारवाल्याकडे पुढून ठोकलेली एक गाडी मिळाली. तिचे मागचे दोन्ही कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला चिमट्यासारखे धरतात ते, मी स्वतः गाडीखाली पाठीवर पडून उतरवले. उतरवता उतरवताच खडूने ‘डावा’, ‘उजवा’ लिहिलं. लोक घरी आल्यावर आठवत बसतात. आपलं तसं नाही. ते बसवायच्या पट्ट्या लेथवाल्याकडून करून घेतल्या. एक भोक केसभर सरकलं होतं, परत पाठवली. तो म्हणाला चालतं. मी म्हटलं, चालतं हो, थांबत नाही, तीच तर तक्रार आहे.

भाऊजींना नमस्कार. रागावलेला नाही असं सांग, म्हणजे त्यांना वाईट वाटेल.

तुझा,
खटपट्या

८ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. हे म्हणतात, चालत उतरलो म्हणून गुडघे मोकळे झाले, तेव्हा उपकारच झाले. पण पुन्हा त्या गाडीत पाय ठेवणार नाही म्हणतात.

आता माझं ऐक. बाबांची गाडी विकायची हे मलाही नको आहे. तिच्या मागच्या सीटवर भांडून आपण मोठे झालो. पण तू त्या उतारावर एकटा गेलास आणि ब्रेक लागला नाही, तर गाडी ठेवून मी काय करू? म्हणून सरळ सांगते. अठ्ठावीस तारखेला मी तुझ्याकडे राहायला येणार. म्हातारी घेऊन वर ये आणि मला खाली ने. नीट थांबली तर ती आपली. नाही थांबली तर फरशीवाल्याच्या कागदावर सही करीन, आणि मग तू माझ्याशी वर्षभर बोलला नाहीस तरी चालेल.

जेवणाच्या वेळा पाळ. नखांतलं काळं काढून ताटावर बस, अशी भावजयीची तक्रार आहे.

तुझी,
ताई

१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी अट मान्य. काम इतकं देखणं झालंय की चाक लावून झाकायला जीव होत नाही. हँडब्रेकची तार जरा आडवळणाने न्यावी लागली, पण ते चालायचंच. कॅलिपरवर हवा काढायचं जे निपल असतं, ते तर खालून पडल्या पडल्या हाताशी येतं. एरवी मेकॅनिक लोक त्यासाठी मान मोडून घेतात.

एकच कुरकुर आहे. पेडल मऊ लागतं. उशीवर पाय दिल्यासारखं खाली जातं. पाइपात हवा असली की असं होतं, म्हणून हवा काढली. पुन्हा काढली. ऑइलची बाटली संपली, दुसरी आणली. कुठे गळती नाही, सगळे जोड कोरडे. पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलतो त्या मास्टर सिलिंडरचे रबर बदलले, तरी तेच. पेडलवर हिला बसवलं होतं, मी खालून दाब, धर, सोड ओरडत होतो. मला वाटतं हिचा पाय लवकर सुटतो. तसं मी बोललो. तेव्हापासून घरात पेडलला बसायला कोणी नाही आणि चहा मी स्वतः करतो.

फरशीवाला काल येऊन टायर दाबून गेला. टायर! ज्याला गाडीत टायरच दिसतात त्याला बाबांची गाडी द्यायची?

तुझा,
खटपट्या

२० फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

आधी भावजयीची माफी माग, मग पुढचं वाच.

मागितलीस? बरं. मला तुझ्या पट्ट्या आणि रबरं कळत नाहीत. पण माझा जन्म वॉर्डात इंजेक्शनं देण्यात गेला. सिरिंजमधली हवा काढायची तर सुई वर धरायची, टिचकी मारायची, हवा वर येते, मग दट्ट्या दाबायचा. सुई खाली धरून दाबलं तर औषध सांडतं आणि बुडबुडा वर आरामात बसून राहतो. तू लिहिलंस की ते निपल खालून हाताशी येतं. म्हणजे ते खाली आहे का रे? मग हवा तिथून निघेल कशी? ती वरच दडून बसली असेल. चुकत असेन तर हसून सोडून दे. पण आधी जाऊन बघ.

तुझी,
ताई

२३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी चिडलो. मग गॅरेजमध्ये जाऊन उकिडवा बसलो. दोन्ही निपलं जमिनीकडे तोंड करून.

तुला म्हणून सांगतो, पुढे जाऊ देऊ नकोस. भंगारवाल्याकडे मी त्या गाडीखाली मागून, डोकं आत घालून शिरलो होतो. पाठीवर पडलेल्या माणसाचा डावा हात गाडीच्या उजव्या चाकाकडे येतो. मी माझ्या हाताप्रमाणे लिहीत गेलो. घरी आल्यावर स्टुलावर बसून ‘डावा’ लिहिलेला गाडीच्या डावीकडे बसवला. अक्षर मात्र सुरेख होतं.

अदलाबदल केली. निपलं वर आली आणि हँडब्रेकची तार आपणहून सरळ बसली. आडवळण तिचं नव्हतंच. ही पेडलला बसली, पण खडू आधी माझ्याकडून काढून घेतला. पहिल्याच दाबाला बुडबुड्यांची माळ निघाली. आता पेडल दगडासारखं आहे. हिचा पाय अतिशय उत्तम आहे, हे मी शेजाऱ्यांसमोर सांगितलं.

शनिवारी येतो. तयार राहा.

तुझा,
खटपट्या

२ मार्च

ती. खटपट्यासाहेबांस (रागावू नकोस, ती. म्हणजे तीर्थरूप नव्हे, तिरसट),
अ. उ. आ.

तुझ्या वरच्या खोलीत बसून तुला खाली पत्र लिहितेय, कारण समोर सांगितलं तर तू मधे बोलशील.

हे शेवटच्या क्षणी पुढच्या सीटवर येऊन बसले, तेव्हा तू जितका चकित झालास तितकीच मीही झाले. म्हणाले, बायको जाणार तर आपण काय घरी बसायचं? पहिल्या वळणापर्यंत त्यांनी दाराची कडी घट्ट धरली होती. मी मागे बसून जमिनीवर पाय दाबत होते, जणू ब्रेक माझ्याकडेच आहे. तू ब्रेक लावलास, म्हातारी मान खाली घालून शहाण्यासारखी थांबली, पुन्हा निघाली. आणखी एक वळण, पुन्हा तसंच. मी पाय उचलून घेतला.

मागच्या खेपेला हे जिथे उतरले होते ते वळण आलं तेव्हा तू आरशातून माझ्याकडे बघितलंस, आणि मी तुला गप्प राहायची खूण केली. तुला वाटलं मी घाबरले. तसं नव्हतं रे. यांची मान खिडकीला टेकली होती, तोंड उघडं होतं, आणि बारीक घोरणं चालू होतं.

फरशीवाल्याला यांनीच आज फोन करून सांगितलं, घरची गाडी विकायची नसते.

चहा ठेव, मी खाली येतेय. माया आहेच, ती मागायला लागत नाही.

तुझी,
ताई