असंच बोलून राहिले

रविवार, दिवेलागण

काळातून फिरणाऱ्या प्रवाशाची ती जुनी ब्रिटिश मालिका आज पुन्हा लावली. बाबा होते तेव्हा त्यांना इंग्रजी कळत नसे, म्हणून मी मराठीत सांगायची. सांगायची कसली, अर्धं गाळायची. एका भागात तो प्रवासी खिडकीशी बराच वेळ बोलतो. बाबा म्हणाले होते, "त्याचं गाव गेलं वाटते." मी मोबाइलमध्ये. "नाही जी बाबा, असाच बोलून राहिला."

आज नीट ऐकलं. घर कायमचं गेलं, हेच तो सांगत होता. तेवढं सांगायला काय झालं होतं मला?

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात आमचं गाव गेल्यावर बाबाही नव्या घराच्या खिडकीशी बसून बोलायचे. आई आतून विचारायची, काय म्हणतात? मी म्हणायची, काही नाही, असंच बोलून राहिले.